पडायची विद्या

आश्विनातल्या सकाळी तालमीच्या झरोक्यातून उतरणारे ऊन आधी भिंतीला टेकलेल्या लाठ्यांवर रेंगाळे, मग दांडपट्ट्याच्या पात्यावरून निसटून तेल-ताक घालून मळलेल्या तांबड्या मातीवर येऊन निवे, आणि त्या ओलसर, आंबूस, किंचित हळदीच्या वासाला उबेचा एक निराळाच पदर सुटे. त्या वासात मी वाढले. माझे वडील, आबा, पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकवत. नव्वदच्या दशकात मुलींच्या हाती लाठी देणारे वस्ताद थोडे, आणि आपल्याच मुलीच्या हातात पट्टा चढवणारे त्याहूनही थोडे. मिरवणुकीत पट्टा फिरू लागला की माझ्याभोवती पोलादाचे एक लखलखते वर्तुळ उभे राही, आणि त्याच्या आत मला जगात कुणाचेच भय वाटत नसे.

शोभा माझी कॉलेजातली मैत्रीण. ती गडमुडशिंगीहून रोज बसने यायची आणि तास संपले की राजारामपुरीतल्या एका सभागृहात ज्युदो शिकायला जायची. तिला पोलिसात भरती व्हायचे होते. आबांना हा खेळ रुचत नसे. एकदा ती घरी चहाला आली तेव्हा त्यांनी तिला सरळच विचारले, “गादीवर कसली गं लढाई? रस्त्यावर गादी कोण हातरून ठेवतंय?”

शोभा हसली. “आणि काका, रस्त्यावर पट्टा तरी कोण घेऊन फिरतंय?”

आबांनी बशीत चहा ओतून घेतला. मला मात्र तिचा राग आला. तिचे बोलणे खरे होते, म्हणूनच आला असावा.

पुढच्या वर्षी पावसाळा सरत असताना राजारामपुरीच्या बसथांब्यावर एक माणूस तिच्या मागे लागला. रोज तिथे उभा असे, रोज काहीतरी बोले. घरी सांगावे तर आपले कॉलेजच बंद होईल, ही शोभाची धास्ती. म्हणून मी तिला बसपर्यंत सोबत करू लागले. एका कलत्या दुपारी, पावसाची सर येऊन गेल्यावर ओल्या डांबरातून वाफ उठत असताना, त्याने तिचे मनगट धरले. “बोलत न्हाईस व्हय?”

हात हिसडून घेण्याऐवजी शोभा त्याच्याच दिशेने आत शिरली, वळली, आणि तो एवढा थोरला माणूस तिच्या कमरेवरून उलटून रस्त्यावर आदळला. त्याचा सोबती शिवी देत आमच्यावर धावून आला. माझ्या हातात आबांची लांब दांड्याची छत्री होती. ती फिरवायला जागा कुठली! एकीकडे दुकानाचे छप्पर, दुसरीकडे रिक्षा, मागे माणसे. माझे ते लखलखते वर्तुळ त्या गर्दीत मावणारच नव्हते. उरले होते ते फक्त पायांना ठाऊक असलेले अंतर. मी छत्रीचे टोक त्याच्या गळ्याच्या रोखाने धरले आणि पाय रोवले.

“ये की,” मी म्हणाले.

तो आला नाही. एका रिक्षावाल्याने आरडाओरडा केला, माणसे धावली, आणि पडलेला माणूस कोपर धरून सोबत्याच्या आधाराने निघून गेला. थांब्यावर ते पुन्हा दिसले नाहीत. त्या दिवशी मात्र बस येईपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही.

संध्याकाळी आबांना सगळे सांगितले. छत्रीचे कौतुक होईल म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी वेगळेच विचारले.

“आणि ती पोरगीच पडली असती तर?”

“तिला फारसं लागलं नसतं, आबा. ज्युदोत सगळ्यांत आधी पडायलाच शिकवतात.”

तरुणपणी खेळ दाखवताना पडून आबांचा उजवा खांदा निखळला होता. थंडी पडली की अजून ठणकायचा. त्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. मग म्हणाले, “आमाला वार करायला शिकिवलं, वार चुकवायला शिकिवलं. पडायचं कसं, ते कुणी सांगितलंच न्हाई.”

रविवारी आबा सभागृहाच्या दारात उभे. ज्युदो शिकवणाऱ्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या असलेल्या मॅडमसमोर त्यांनी चपला काढल्या, टोपी काढून माझ्या हाती दिली. “बाई, ह्या वयात जमंल का मला?”

“बसूनच सुरुवात करू, वस्ताद,” मॅडम म्हणाल्या.

शोभा त्यांच्याशेजारी बसली. “काका, हनुवटी छातीला लावा. हात सैल सोडा, पाठ टेकताना तळवे गादीवर आपटा. आता मागं जावा.” पहिल्या खेपेला त्यांचे डोके टेकले, कुठल्यातरी मुलीने हसू दाबले. दुसऱ्या खेपेला दोन्ही तळवे एकदम गादीवर बसले आणि तो भरदार आवाज सभागृहभर घुमला. वस्तादाची पाठ जमिनीला लागलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ती लागू नये म्हणून तर त्यांनी सारे आयुष्य वेचले होते. आता छताकडे पाहत ते उताणे पडले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याची एकही खूण नव्हती. उलट काहीतरी फार जुने अवघडलेपण तिथून हळूहळू उतरत चालले होते, आणि ते नेमके काय होते, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

“आणि एकदा,” ते म्हणाले, कुणी सांगायच्या आधीच.