आंब्याचा भुसा आणि बाबांची जीभ

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, वसतिगृहातल्या मैत्रिणींजवळ नाही. आणि ज्यांच्याजवळ सर्वांत आधी बोलायला हवे होते, त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणे सोपे जाईल, असा माझा अंदाज आहे — पाहू.

आधी बाबांविषयी. टाळते आहे असे वाटेल, पण त्यांच्यावाचून पुढचे कळणार नाही. माझे बाबा पाचूबंदरला होड्या बांधतात. आमच्याकडे होडीचे लाकूड कापण्याआधी खाडीच्या चिखलात पुरून ठेवतात. खार आत मुरला की कीड लागत नाही. तो गाभ्यापर्यंत मुरला की नाही, हे ओळखायचे कसे? बाबा गिरमिटाने भोक पाडत, निघालेला भुसा जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि सांगत — ‘खारं’, नाहीतर ‘अजून गोडं’. अर्नाळ्याहूनही लोक त्यांना बोलावून नेत. कोळणी थट्टा करीत, की या माणसाला कालवणात मीठ कमी पडलेले कळत नाही, लाकडातले मात्र कळते. ती थट्टा बाबांना फार आवडे.

मी मुंबईला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते. विषय मार्गदर्शक सरांनी दिला होता. लाकडातले सेल्युलोज — म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ — वेगळे काढायचे. कॉस्टिक सोडा आणि क्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल यांच्या साहाय्याने त्या माळेला पाण्याची ओढ लावायची. मग अशा माळा एकमेकींत गुंतवायच्या. जमले, तर चिमूटभर कोरडी पूड पेलाभर पाणी पिऊन जेली होते. रोपांच्या मुळांशी ओल धरायला ती उपयोगी पडेल, अशी सरांना आशा होती. मला घाई होती ती पहिले येण्याची.

भुसा बाबांनी दिला. वटारच्या एका वाडीत उन्मळून पडलेल्या आंब्याच्या झाडाचा, खाडीला कधीच न लागलेला, मुद्दाम वेगळा राखलेला. पिशवी बांधण्यापूर्वी चिमूट जिभेवर ठेवून म्हणाले, “गोडं हाय, बाय. ने.”

या प्रक्रियेत मीठ आपोआप तयार होते. पाणी मिसळलेल्या स्पिरिटने ते पुनःपुन्हा धुऊन काढावे लागते. राहिले, तर जेली फुगत नाही. सहा वेळा धुवायचे होते. मी दोनदा धुतले — दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक प्रयोग पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर पूड पेल्याच्या तळाशी ओल्या रव्यासारखी बसून राहिली. सरांनी कारण विचारले. मला कारण ठाऊक होते का? पूर्णपणे. मी म्हणाले, आमच्याकडे लाकूड खाडीत पुरतात. वडिलांनी चुकून खारा भुसा दिला असावा.

वास्तविक लाकडातला खार भुसा शिजवून धुतानाच निघून जातो. हे सरांच्या लक्षात यायला हवे होते, आलेही असेल. ते एवढेच म्हणाले, की दुसरा भुसा आणा.

निदान इथे तरी थांबायचे? घरी भुसा मागितला, तेव्हा पहिल्याचे काय झाले असे बाबांनी विचारले. आणि खोटे तयारच होते — तो खारा निघाला. पहिल्यातला थोडा भुसा घरी उरला होता. त्यातली चिमूट त्यांनी जिभेवर ठेवली, डोळे मिटले. आता ते माझ्यावर संशय घेतील, असे मला वाटले — तो त्यांनी स्वतःवर घेतला.

“तुजी मशीन खोटा नाय बोलनार,” ते म्हणाले. “माजी जीबच गेली आसंल, बाय.”

कसलीही मशीन नव्हती. मी तेही सांगितले नाही.

दुसरा भुसा त्यांनी शेजारच्या सुताराकडून चाखून घेतला. मी तो सहा वेळा धुतला आणि जेली फुगली. तिची बरणी मी घरी आणली, तेव्हा बाबा ती घेऊन बंदरभर फिरले; माझ्या बायने लाकडात पाणी उभे केले, असे दिसेल त्याला सांगत सुटले. आणि पहिला भुसा आपल्या चुकीने वाया गेला, हेही — कोणी विचारले नसताना — प्रत्येकाला.

त्यानंतर बाबांनी लाकूड चाखलेले नाही. अर्नाळ्याहून बोलावणे आले, तर शेजाऱ्याला पाठवतात. मी सुटीत घरी गेले की भाजलेले बोंबील माझ्यासाठी वेगळे काढलेले असतात. माझ्या प्रबंधाची प्रत त्यांनी फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवली आहे. जेवण झाले की हात धुऊन ती उघडतात आणि आकृत्यांवरून बोट फिरवतात. अक्षर त्यांना वाचता येत नाही. हे सारे छापायला देताना मी त्याच भरवशावर आहे.