तिसऱ्यांदा पुढे आलेला हात

डॉक्टर प्यो ग्वांग-सोप वीस वर्षं शिकाऊ डॉक्टरांना एकच गोष्ट शिकवत होते आणि वीस वर्षं त्यात सपशेल नापास होत होते. श्वास अडलेल्या माणसाच्या घशात दिव्याचं पातं घालून आत बघत नळी कशी सरकवायची, ते पोरं महिन्याभरात शिकत. घोडं अडायचं पुढे. दोनदा जमलं नाही की थांबायचं आणि बाहेरून गळ्याला छेद द्यायचा, हा नियम. प्यो रबरी बाहुलीवर मुद्दाम दोनदा चुकत आणि तिसऱ्यांदा हात पुढे करून म्हणत, "पातं दे." की झालं! बाहुलीच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सोडून, वाकून, दोन्ही हातांनी पोरगं ते दिव्याचं पातं वडीलधाऱ्या सरांच्या हाती देई.

"पितरांना नैवेद्य दाखवतोयस का रे? मेली ना ती!" प्यो कडाडत.

"चुकलं, सर," म्हणून पोरगं आणखी खाली वाकत असे.

समचोकच्या त्या रुग्णालयात यंदा शिकायला एकटी मोक हा-रिन आली होती. तीही तशीच, वडीलधाऱ्यांपुढे वाकणारी. महिनाअखेर प्यो निवृत्त होणार होते आणि त्यांच्या मागे हे काम तिच्यावरच पडणार होतं. या काळजीनं त्यांना घास गोड लागत नव्हता.

छुसॉकच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आधीच्या रविवारी सासऱ्याच्या थडग्यावरचं गवत कापताना गांधीलमाश्या डसलेली एक बाई आली. इंजेक्शनं दिली तरी तिचा घसा सुजतच चालला. प्योंनी दोनदा पातं घातलं. सुजेपलीकडे काही दिसेना. ओठ निळे पडले, दाराबाहेर नवरा तिला हाका मारत होता. आणखी एकदाच, आता नक्की दिसेल, असं प्योंना वाटलं आणि त्यांनी हात पुढे केला.

"पातं दे!"

हा-रिन हलली नाही. मास्क घट्ट दाबून धरत ती रडत ओरडली, "दोनदा झालं, सर! नाही देणार! गळ्याला छेद द्या!"

प्यो भानावर आले. त्यांनी सुरी उचलली. बाई वाचली.

संध्याकाळी हा-रिन त्यांच्या खोलीत आली. प्योंचा ऊर भरून आला. तिला शाबासकी द्यायला ते खुर्चीतून उठले. तेवढ्यात ती कमरेतून वाकली.

"सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडले. माफ करा, सर. पुन्हा असं कधीच होणार नाही."

त्या बाईच्या उशाशी वाटली नव्हती एवढी भीती प्योंना आता वाटली.