अर्ध्या तासासाठी चौदा पत्रं

लेकीचा कॅनडातला टीव्ही कार्यक्रम वाचवायला निघाले आणि मीच तो जवळजवळ बुडवला. तेव्हा मी जेमतेम साठीची. अक्कल यायला अजून अवकाश होता.

मी मुलाकडे मस्कतला राहत होते. लेक कॅनडात चांगली नोकरी सोडून एका बहुभाषी वाहिनीवर दर शनिवारी अर्धा तास मराठी कार्यक्रम करायची. बाहेरून येऊन वसलेल्यांच्या भाषांना तिकडे पडद्यावर जागा देतात. पण जागा थोडी, भाषा फार. पुढच्या हंगामात तो अर्धा तास दुसऱ्या भाषेला जाण्याची चिन्हं होती.

"आई, प्रेक्षकांची पत्रंच येत नाहीत गं," ती फोनवर म्हणाली.

मला एवढं पुरे झालं. शुक्रवारी आमच्या घरी बुद्धवंदना झाली, खीर वाटून झाली आणि मी जमलेल्या बायकांपुढे इंग्रजी पत्राच्या चौदा प्रती मांडल्या. मजकूर माझा: 'मी आणि माझे पती दर शनिवारी आपला कार्यक्रम न चुकता पाहतो.' खाली सही, पत्ता. पत्ते सगळे मस्कतचेच: अल् खुवैर, बौशर, अल् अमेरात!

बिनलग्नाची एक शिक्षिका म्हणाली, "काकू, पती आणू कुठून?"

"तू सही कर. पती इन्शाल्ला मागाहून येईल."

मुलाने न वाचताच पत्रं स्कॅन करून वाहिनीला धाडली.

आठवड्याने लेकीचा फोन. आवाज कोरडा. कार्यक्रमातल्या गाण्यांचे हक्क फक्त कॅनडापुरते घेतलेले होते. मला ती दर भागाची लिंक पाठवायची, 'तुझ्यापुरती' असं बजावून. मी ती सगळ्या ग्रुपवर टाकायचे. आता मस्कतची चौदा घरं एका शब्दाचाही फरक न करता तो कॅनडाबाहेर बघत असल्याची कबुली देत होती. पत्रं लेकीनेच लिहवून घेतली, असा कार्यक्रम ठरवणाऱ्या वाहिनीच्या बाईंना संशय.

मला वाटायचं, टीव्ही म्हणजे चांदणं. ज्याच्या गच्चीवर पडेल त्याने बघावं. चांदण्याचेही देशवार सौदे होतात, हे लेकीला रोज निस्तरावं लागत होतं. तिचं कौतुक गावभर करणाऱ्या या शहाण्या बाईने तिला एकदाही विचारलं नव्हतं, की बाई गं, तुझं काम असतं तरी काय?

मग मी वाहिनीच्या बाईंना पंधरावं पत्र लिहिलं, एकटीच्या सहीचं. मी आई आहे. लिंक मी वाटली, पत्रं मी लिहिली, लेकीला पत्ता नव्हता. चौदांपैकी कोणी पूर्ण भाग पाहिला असेल, याची खात्री नाही. मुलाखती फार लांबतात; मला स्वतःला डुलकी लागते. बायकांची स्वयंपाकघरं दाखवतात तेवढं मात्र मी दोनदा बघते.

बाईंनी ते पत्र लेकीपुढे ठेवलं आणि तिला आणखी एक हंगाम दिला, मुलाखती कापण्याच्या अटीवर. त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"लिंक आता बंद, आई. शनिवारी फोन करून मीच सांगत जाईन काय दाखवलं ते. आणि डुलकी लागली तर मला सांग, वाहिनीला नको."