नंबरप्लेटच्या दिव्याचे दोन स्क्रू

काकांनी आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून एक जुनी छोटी गाडी घेतली. त्यांच्याआधी तिने किती मालक पाहिले होते ते तिलाच ठाऊक. काकांनी मात्र तिला असं जपलं की गल्लीतल्या मुलांचा चेंडू गाडीखाली गेला, तर ती आधी काकांना विचारत आणि मग वाकत. कुणाला स्टेशनवर सोडायचंय, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, काका एका पायावर तयार. फक्त गाडीचं दार कुणी आपटलं, की त्या माणसाशी ते आठवडाभर बोलत नसत.

मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता गाडी चालवणं बंद. काकांनी वाद घातला. एवढ्या वर्षांत साधा ओरखडासुद्धा नाही, प्रवाशांना विचारा. डॉक्टरीणबाईंनी प्रवाशांना न विचारता समोरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. काकांनी पहिली ओळ खणखणीत वाचली. दुसऱ्या ओळीवर त्यांनी विषय बदलला आणि दवाखान्याला नवा रंग छान दिलाय म्हणाले.

बातमी कळताच काकांचा पुतण्या भेटायला आला. तब्येतीची चौकशी करता करता तो गाडीभोवती फिरत होता आणि हळूच टायर दाबून बघत होता. कशाला त्रास घेता, गाडी मला द्या, घरातल्या घरात राहील, असं त्याचं म्हणणं होतं. काकांचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, गाडी कुठेही जाणार नाही, मी शिकतेय.

आता काकूंविषयी सांगायला हवं. काकूंनी पंख्यांच्या कारखान्यात नोकरी केली, आणि तीही शेवटच्या टेबलावर. सगळ्यांचं काम झालं की पंखा काकूंपुढे येई, काकू त्याचा एकेक स्क्रू तपासत, सैल असेल तो आवळत आणि मगच पंखा खोक्यात जाई. नोकरी संपली, पण सवय जाते कुठे? घरात एकही नळ कधी ठिबकला नाही. बरण्यांची झाकणं काकूंशिवाय कुणाला उघडत नसत. काका चहाची तलफ आली तरी साखरेच्या डब्याकडे नुसते बघत बसत, काकू येईपर्यंत.

काकूंनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. काकांनी शिकवलं नाही, कारण पहिल्याच दिवशी दोघांचं क्लचवरून जे वाजलं ते थेट रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं. पहिल्या परीक्षेत काकू नापास झाल्या. चौकात त्यांनी सगळ्यांना आधी जाऊ दिलं, आणि सगळे काही संपेनात. दुसरी परीक्षा शनिवारी, आपापली गाडी घेऊन. काकूंनी स्वतःच जाहीर करून टाकलं, की या वेळी नाही जमलं तर मी नाद सोडला, गाडी पुतण्याला देऊन टाका. काकू एकदा बोलल्या की बोलल्या.

सगळं नीट चाललं होतं आणि नेमका तेव्हाच नंबरप्लेटवरचा दिवा गेला. दिवा म्हणजे केवढा, बोटाच्या पेराएवढा बल्ब. पण परीक्षा घेणारे साहेब आधी गाडीचे सगळे दिवे लावून बघतात आणि एक जरी बंद असला तरी माणसाला गाडीत बसूसुद्धा न देता परत पाठवतात, अशी त्यांची ख्याती होती. काका म्हणाले, त्यात काय, पाच मिनिटांचं काम. ज्या कामाला माणूस पाच मिनिटांचं म्हणतो, ते काम ते ऐकत असतं, असं माझं मत आहे.

बल्बवरच्या झाकणाला दोन छोटे स्क्रू होते. दोन्ही गंजून असे तांबडे झाले होते की स्क्रू कुठे संपतो आणि पत्रा कुठे सुरू होतो, हे काकांना भिंग लावूनही कळेना. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने लांबूनच बघून निकाल दिला. मुंडी तुटणार, अख्खा भाग बदलायला लागेल, आणि या गाडीचा भाग मिळेल तेव्हा मिळेल. काकांना त्याचा राग आला. आपण सावकाश काढू, ते म्हणाले. जोर लावायचा नाही, तेल सोडायचं, थोडंसं फिरवायचं, रात्रभर मुरू द्यायचं.

त्याप्रमाणे त्यांनी संध्याकाळी तेल सोडलं आणि श्वास रोखून स्क्रूड्रायव्हर फिरवला. करकर वाजून स्क्रू जरासा हलला. काकांना आभाळ ठेंगणं झालं. दुसरा स्क्रूही त्यांनी तेवढाच फिरवला आणि आज एवढं पुरे म्हणून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतात तर दोन्ही स्क्रू पुन्हा गच्च. काकांना वाटलं आपलाच अंदाज चुकला. पुन्हा तेल, पुन्हा करकर, पुन्हा जरासे सैल. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काकांनी बागेतल्या बाकावर मित्रांपुढे हा विषय काढला आणि गंज रात्रीतून वाढतो असा सिद्धान्त मांडला. औषधाच्या दुकानवाल्यांनी व्हिनेगर सुचवलं. शिंपीकाका म्हणाले, रॉकेल. निवृत्त पोस्टमास्तरांना स्क्रूबद्दल काहीच माहिती नव्हती, त्यामुळे ते सगळ्यांत जास्त वेळ बोलले. काकांनी सगळं करून पाहिलं. गाडीच्या मागच्या बाजूला लोणच्याचा वास येऊ लागला, पण सकाळ झाली की स्क्रू आपले जागच्या जागी.

त्यात फिरवून फिरवून खाचा झिजायला लागल्या. काकांची झोप उडाली. इतकी वर्षं भरल्या बसमधून माणसं सुखरूप नेली, आणि आता शेंगदाण्याएवढा स्क्रू आपलं ऐकत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. हे काकूंना सांगण्याची मात्र त्यांची हिंमत नव्हती. काकू रोज विचारत, दिव्याचं कुठवर आलं? काका रोज म्हणत, होतंय, होतंय.

शुक्रवारी दुपारी जेवताना काकूंचा बांध फुटला.

"होतंय, होतंय किती दिवस म्हणणार? उद्या परीक्षा आहे. तुम्ही त्या दिव्याला हातसुद्धा लावलेला नाही."

"रोज लावतोय."

"खोटं बोलू नका. मी रोज सकाळी बघते. तुम्हाला मनातून नकोच आहे मी गाडी चालवलेली. माझी परीक्षा बुडाली तर सुटलात तुम्ही."

काकांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "अगं, रोज संध्याकाळी मी ते स्क्रू सैल करतो आणि रोज सकाळी ते परत घट्ट होतात. काय करू मी?"

काकूंनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला.

"सैल तुम्ही करता होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, गाडी जुनी, खड्ड्यातून जाऊन जाऊन होत असतील."

"मग?"

"मग काय. मी आवळते."

झालं होतं असं, की गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि सगळं नीट आहे ना बघायचं, हे ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी काकूंच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. काकू रोज सकाळी मास्तरांबरोबर याच गाडीतून सरावाला निघण्याआधी फेरी मारत. नंबरप्लेटपाशी आल्या की त्यांना सैल स्क्रू दिसे. सैल स्क्रू दिसल्यावर काकूंचा हात त्यांना विचारत नाही. पर्समधून नाणं निघे, खाचेत बसे, आणि काकांची आदल्या संध्याकाळची मेहनत त्या दोन झटक्यांत पाण्यात घालत. वर, यांना गाडीकडे बघायलाही होत नाही, असं मनातल्या मनात म्हणतही असत.

काका हसायला लागले. काकूंनी आधी राग धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण शिंपीकाकांचं रॉकेल आणि पोस्टमास्तरांचं भाषण ऐकल्यावर त्यांनाही आवरेना. हसून झाल्यावर मात्र दोघांनाही एकदमच आठवलं, की दिवा अजून बंदच आहे.

उन्हं उतरली तशी दोघं गाडीमागे बसली. काकांनी बॅटरी धरली, स्क्रूड्रायव्हर काकूंनी घेतला. कारखान्यात अडकलेला स्क्रू कसा काढत, ते त्यांना पाठ होतं. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा, म्हणजे गंजाची पकड सुटते. पहिल्याच स्क्रूला त्यांनी हात लावला आणि तो मुकाट्याने फिरत बाहेर आला. सकाळ-संध्याकाळ दोघांनी मिळून आठवडाभर तेच तर केलं होतं, न ठरवता. दुसऱ्याची खाच पार गुळगुळीत झाली होती. काकूंनी आतून भाजीच्या जुडीचं रबर आणून खाचेवर धरलं, त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून अंगाचा भार दिला, आणि तोही निघाला. काकांनी आतले गंजलेले पत्रे कानशीने घासले, नवा बल्ब बसवला, आणि तो लागला. नवे स्क्रू आवळायचं काम अर्थातच काकूंचं.

संध्याकाळभर काका खुशीत होते. पण अंथरुणावर पडल्यावर दुपारचं ते वाक्य त्यांच्या मनात परत आलं. मनातून नकोच आहे तुम्हाला. छे, असं कसं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग त्यांना आठवलं, की तिसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा घट्ट दिसले तेव्हा चिडण्याआधी एक क्षणभर आपल्याला बरं वाटलं होतं. अगदी क्षणभरच, पण वाटलं होतं. काकांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी शेजारी बघितलं. काकू डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत गिअर बदलत होत्या.

सकाळी मास्तरांनी गाडी परीक्षेच्या जागी आणून दिली. साहेबांनी सगळे दिवे लावायला सांगितले आणि खाली वाकून वाकून पाहिलं. नंबरप्लेटपाशी ते जरा जास्तच वेळ थांबले आणि इथे लोणच्याचा वास कसला येतोय, असं त्यांनी विचारलं. काकूंनी, व्हिनेगरने गंज जातो म्हणतात, असं शांतपणे सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि ते गाडीत बसले. काका भिंतीपाशी उभे राहिले. गाडी फाटकातून बाहेर पडली, चौकापर्यंत गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. आपली गाडी जाताना कशी दिसते, हे काकांनी आजवर बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं. ते तिथेच येरझाऱ्या घालत राहिले.

गाडी परत आली तेव्हा साहेब उतरून कागदावर सही करत होते आणि काकूंचा चेहरा बघूनच काकांना कळलं. ते लगबगीने गेले आणि सवयीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आत काकू बसल्या होत्या. मग काकांनी दार हलकेच लावलं, पुढून वळसा घातला आणि पलीकडून आत बसले. त्या बाजूचा पट्टा कुठे असतो हे त्यांना शोधावं लागलं.

काकूंनी आरसा पाहिला आणि गाडी रस्त्यावर घेतली. काका काही बोलले नाहीत, आणि क्लचबद्दल तर मुळीच नाही. पुढच्या चौकात सिग्नल लाल झाला. काकांचा पाय पुढच्या रिकाम्या जागेत जोरात दाबला गेला आणि दाबलेलाच राहिला. गाडी सावकाश, पुढच्या टेम्पोपासून नीट अंतर ठेवून थांबली.

"पाय उचला," काकू समोर बघतच म्हणाल्या. "मी थांबवलीये गाडी."

काकांनी खाली पाहिलं. मग त्यांनी पाय उचलून मागे घेतला आणि आपल्या बाजूची काच खाली केली.