कडेची ओळ

भूमापकाच्या परवान्याच्या परीक्षेसाठी मला सरावाला शेत हवं होतं. राहात्याकडे बांधावर टेप दिसला की लोकांना भांडणाचा वास येतो. पेरूची बाग असलेले ओळखीचे एक काका मात्र म्हणाले, “माझं मोज की.”

दर रविवारी बांधावर चढताना ते चप्पल काढायचे, शेजाऱ्याला ओरडून सांगायचे, “भिऊ नको, पोरगी शिकतीय,” आणि मग टेपचं टोक धरायचे.

एकदा पेरूची कडेची ओळ शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली. मी घाबरून म्हणाले, “माझंच चुकलं असेल.” त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. माप तेच आलं.

“असं भिऊन परवान्याचं काय करशील?” एवढंच मला म्हणून त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, “ये रं, तुझं पेरू तोडून ने.”

आता माझ्याकडे परवाना आहे. कुणाच्याही बांधावर चढताना माझी चप्पल आपोआप निघते.