झूराकान आपाला रडायला कोण?

झूराकान आपाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी तीन दिवसांचा होतो. आई सांगते, तोवर मी अगदी शहाण्या बाळासारखा वागत होतो. मग आपा पाळण्यावर वाकली, मला शेंडीपासून नखांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "कान आलेत. डोकं मागनं येतंय वाटतं." त्यानंतर मी जो टाहो फोडला तो चाळीस दिवस. शेजारच्या गावातली मेंढरं बुजून डोंगरात पळाली, आमच्या गायीचं दूध आचळातच नासलं, आणि इस्सिक-कुल सरोवराचं पाणी त्या वर्षी चार बोटं चढलं ते माझ्या आसवांनी, असं आमच्या घरात अजून मानतात. डोकं पुढे आलं म्हणा. पण आमच्या आला-जार गावात मला आजही 'कान मास्तर' म्हणतात.

लोकांना रडवणं हा तिचा धंदा नव्हता, देणगी होती. आमच्याकडे माणूस गेला की अंगणात नमद्यांचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड थरांचा, तंबू उभा राहतो. मढं आत, आणि त्याच्याभोवती घरच्या बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि कोशोक गातात. गेलेल्याचं कौतुक, आपलं दुःख, सगळं सुरात. सरोवराच्या दक्षिण काठावर आपासारखी कोशोक म्हणणारी दुसरी नव्हती. लांब लांबून घोडागाडी यायची तिला न्यायला. तिचा आवाज लागला की बाहेर काठ्यांवर वाकलेले पुरुषसुद्धा खरंखुरं रडायचे.

अडचण एकच. आपाला खोटं गाता येत नसे. सामुदायिक शेतीचे जुने अध्यक्ष वारले तेव्हा तिनं अशी काही हाळी घातली की डोंगर हलले: "गेलास रे वाघा, गेलास! आता आमच्या मेंढ्या कोण चोरणार?" लोक हसले, हसता हसता रडले, आणि अध्यक्षांची बायको अकरा वर्षं आपाशी बोलली नाही. माघारी कुणी रडणारं नसलेला एक धनगर गेला, तेव्हा तंबूतल्या शांततेकडे बघून आपा म्हणाली, "कुत्रं मेलं तरी दुसरं कुत्रं भुंकतं." हे वाक्य गावानं जपून ठेवलं. आमचं गाव काही फेकून देत नाही.

आपाला लेक नव्हती. एकच मुलगा, एर्मेक, तो मॉस्कोत गोदामात खोकी उचलायचा. घरात होती ती सून, जिपार. जिपार फार बोलत नसे. सकाळी चूल, मग गाय, मग चहा, आणि दिवसभर आपाच्या तोंडाचा पट्टा. "हा पाव आहे की घोड्याचा नाल?" "गाईला दोहतेस की गुदगुल्या करतेस?" जिपार मान खाली घालून ऐकायची.

मग जिपारची आई गेली, आणि विहीण म्हणून कोशोक म्हणायला बसली कोण, तर आपा. सुरुवात छान झाली. तिसऱ्या कडव्यात ती म्हणाली, "विहीणबाई गं विहीणबाई, सात रजया देते म्हणालीस, चार पाठवल्यास, चौथीत लोकर कुठली, फाटक्या टोप्यांचं भुसकट!" चार गावच्या बायका तंबूत होत्या. जिपार आईच्या मढ्याशेजारी बसली होती.

ती घरी आली, आपाला चहा दिला, गाय दोहली. दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरताना एवढंच म्हणाली, "आमची आपा गेली की मी भिंतीकडे तोंड करून बसेन आणि च्युइंग गम चघळेन."

"आम्हाला पण दे एकेक," बाकीच्या बायका म्हणाल्या.

हे आपाच्या कानावर जायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. त्या दिवसापासून तिला एकच घोर: आपल्याला रडायला कोण?

त्याच वर्षी नोव्हेंबरात लिसा आली. हॉलंडची पोरगी, वय तेवीस, उंची आमच्या दारांपेक्षा चार बोटं जास्त. कुठल्याशा संस्थेनं तिला आमच्या शाळेत फुकट इंग्रजी शिकवायला पाठवलं होतं, मार्चपर्यंत. मुख्याध्यापिकाबाई मला म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही भूगोल शिकवता. परदेश तुमच्याच विषयात येतो. हिची सोय बघा." एर्मेकची खोली रिकामी होती, म्हणून मी तिला आपाकडे नेलं. दारात तिनं कपाळ आपटलं. आपा म्हणाली, "ये. घरानं तुला सलाम केला."

जिपारनं चहा ओतला. आमच्याकडे पाहुण्याच्या वाटीत दोनच घोट ओततात. म्हणजे वाटी पुन्हा पुन्हा भरता येते, म्हणजे बस गं, हवी आहेस. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पी आणि चालू लाग. लिसाला हे कुठलं ठाऊक? तिला वाटलं, गरिबी आहे. तिसऱ्या वाटीला तिनं मोठ्या अदबीनं काठावर बोट ठेवून दाखवलं: इथपर्यंत हवा.

जिपारच्या हातात किटली तशीच राहिली. आपा पोट धरून हसली. "अगं, ही तर स्वतःच स्वतःला हाकलतेय!"

पहिले दोन आठवडे आपा तिला 'खांब' म्हणायची. मग एका शनिवारी लिसा न्हाणीघरात गेली आणि वाफेत बसून गायला लागली. गावी चर्चमध्ये गाणाऱ्यांत होती म्हणे. मी आपाकडे करवत मागायला गेलो होतो. बघतो तर आपा उघड्यावर, बर्फात, न्हाणीघराच्या भिंतीला कान लावून उभी.

"ऐकलंस, काना?"

"पोरगी गाते छान."

"गाते छान काय! छाती आहे तिला. घोड्याची छाती." आणि मग हलकेच, "माझ्या तंबूतनं हा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जाईल."

पुढच्याच शुक्रवारी तिनं सात बायकांना जेवायला बोलावलं. दिवसभर तळत कोण होतं, तर जिपार. जेवणं झाली, आणि आपानं उठून लिसाच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला, तिच्या तोंडात मेंढीच्या शेपटीची चरबी आणि पावाचा तुकडा कोंबला आणि जाहीर केलं, "ही माझी लेक. तुम्ही सातजणी साक्षीदार." सुनेच्या कोशोकपेक्षा लेकीचा मान मोठा. सातही बायकांच्या तोंडात तेव्हा घास होता, त्यामुळे नाही कुणालाच म्हणता आलं नाही.

"खाऊन बसलो की गं," त्यांतली एक घरी जाताना म्हणाली.

लिसाला वाटलं, स्वागतसमारंभ आहे. तिनं सगळ्यांचे फोटो काढले. जिपारचाही काढला, खरकटी ताटं उचलताना.

मग शिकवणी सुरू झाली. जिवंत माणसाच्या नावानं घरात कोशोक म्हणणं म्हणजे मरणाला आवतण, म्हणून शिकवणी गोठ्यात. आणि रडायचं कुणाला? तर आधी हिवाळ्यासाठी कापलेल्या बोकडाला, मग एका कोंबडीला, मग माझ्या अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरला. मी त्या हिवाळ्यात भूगोल शिकवून घरी यायचो तेव्हा सहा फुटी पोरगी माझ्या ट्रॅक्टरच्या चाकाला मिठी मारून ऊर बडवत असायची.

"कशी गातेस? बसची वाट बघतेस होय?" आपा ओरडायची. "समज, ट्रॅक्टर तुझा बाप होता! रड!"

"आपा, बाप माझा आहे. हॉलंडला. ठीक आहे."

"मग त्याच्या नावानं रड, तो ठीक आहे म्हणून! किती लांब आहे बिचारा!"

ही मात्रा लागू पडली. लिसा खरीच रडली, आणि वर्गातही डोळे सुजवून यायला लागली. मुलं इंग्रजी अंक वीसपर्यंत शिकली. लिसा मात्र जानेवारीअखेर असं रडायला शिकली की बर्फातनं जाणारी माणसं थांबून टोप्या काढायची.

मग आपानं तिला आपले स्वतःचे शब्द दिले. नाव तेवढं कोंबडीचं घातलं, बाकी सगळं स्वतःचं. "कोंबडे गं माझे कोंबडे, पांढऱ्या ओंजळीचे, मधाळ जिभेचे, कुणाचं मन न दुखवणारे, सुनेला लेकीसारखं जपणारे..." पलीकडे जिपार गाय दोहत होती. बादली लवंडल्याचा आवाज झाला. आपा म्हणाली, "थांबू नकोस, पुढे म्हण."

कोंबडी कोण हे एव्हाना साऱ्या गावाला ठाऊक होतं, लिसा सोडून. शेवटी मीच तिला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. धावत आपाकडे गेली, तिचे हात धरले. "आपा, मी येणार. कुठेही असले, मी येणार!"

"हॉलंडहून इथवर यायला किती दिवस लागतात?"

"दोन. तीन."

"आणि मढं किती दिवस राहतं, काना? सांग हिला."

लिसाची गाडी बारा मार्चला होती. आपानं बोटांवर हिशेब केला आणि ठरवलं: आपल्याला फेब्रुवारीत मरायला हवं.

आपा ठरवलेलं करायची. आधी गोठ्यात बसून पडसं झालंच होतं, त्यात ती उघड्या डोक्यानं वाऱ्यात हिंडली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंथरूण धरलं. ताप चढला, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरनं मान हलवली. मॉस्कोला फोन गेला आणि एर्मेक हातातली खोकी टाकून निघाला. मालक म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. माळ्यावरचा तंबू खाली आला, नमदे झटकून वाऱ्याला टांगले, बोकड खुंट्याला बांधला. आपा खिडकीतनं बघत होती. "डावीकडचा नमदा भोकाचा आहे. तो मागे लावा."

सारं गाव निरोपाला आलं. जाणाऱ्यानं माफी मागायची, बाकीच्यांनी 'राजी' म्हणायचं, अशी रीत. त्याशिवाय जीव सुटत नाही म्हणतात.

"माझ्याकडनं काही कमीजास्त झालं असेल तर राजी व्हा," आपा कुजबुजली.

"राजी," आम्ही म्हणालो. मीही म्हणालो, कान पाडून.

अध्यक्षांची म्हातारी बायको काठी टेकत पुढे आली. "राजी आहे. पण मेंढ्यांचं खोटं होतं."

"खोटं नव्हतं," आपा डोळे मिटूनच म्हणाली. "राजी हो."

"बरं, झाले."

उशाला लिसा बसली होती, पांढरा रुमाल बांधून, घसा साफ करून. राहिली होती जिपार. आपानं मान वळवली. आणि मग जे मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं ते ऐकलं. तिचा आवाज थरथरला.

"जिपार. पोरी. राजी आहेस ना?"

खोलीत तीस माणसं होती. जिपारनं चुलीवरची किटली घेतली, वाटी घेतली आणि चहा ओतला. अर्ध्यावर आला, थांबली नाही. काठाला आला, थांबली नाही. काठावर चहा फुगून थरथरला तेव्हा कुठे थांबली. मग सुनेनं सासूला करावा तसा कमरेतून वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी वाटी आपासमोर धरली.

एर्मेक जमिनीकडे बघत राहिला. तेवढ्यात लिसाचा चेहरा उजळला. चार महिने ती दोन दोन घोटांवर जगली होती. "आपा, बघ!" ती आनंदानं म्हणाली. "वाटी फुल!"

आपानं वाटीकडे बघितलं. जिपारकडे बघितलं. मग उठून बसली, वाटी घेतली, एक थेंब न सांडता सगळा चहा प्यायली आणि रिकामी वाटी जिपारच्या हातात आपटली.

"चूल विझतेय," ती म्हणाली. "कोळसा कुणी घालायचा, मढ्यानं?"

तिसऱ्या दिवशी ती अंगणात होती. डॉक्टर औषधाचा गुण म्हणाला. गावाचं मत होतं, संतापाचा. तंबू माळ्यावर गेला. बोकड बांधलाच होता म्हणून खाल्ला. एर्मेक परत गेला, त्याला जुनं काम मिळालं नाही, आता तो रात्रपाळीला रस्ते झाडतो.

बारा मार्चला मिनीबस आली. लिसा आपाच्या गळ्यात पडून अशी रडली की ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तो सूर, ती छाती, सगळं लागलं होतं. हिवाळाभरात एवढं चांगलं तिला कधीच जमलं नव्हतं.

आपानं तिच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या. "पुरे गं," ती म्हणाली. "वाया जातंय."

आपा त्यानंतर चार वर्षं जगली. जुलैत गेली, ऐन जर्दाळूच्या तोडणीत. तंबू उभारला, भोकाचा नमदा मागे लावला. आत सात बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या, मधोमध जिपार. गम सगळ्यांना पुरला. बाहेर आम्ही पुरुषांनी काठ्यांवर वाकून आक्रोश केला, पण पुरुषांचा धरत नाहीत.

लिसाला मी मोबाइलवर कळवलं. तिनं रडका चेहरा पाठवला. एक.