आमच्या चौघींचं हिशेबाचं ॲप

सहलीचे फोटो साठून साठून फोन भरतो, मग एक दिवस जागा करायला आपण ते पुसून टाकतो. किश्श्यांचं तसं करता येत नाही. आम्ही चौघी जमलो की चहाला उकळी यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते कोकणातलं सांगा की."

मॅडम म्हणजे मी. शिकवते युसूफ वडगावच्या शाळेत, राहते केजला. मीराचं केजमध्ये ब्युटी पार्लर आहे, तिच्या शेजारच्या गाळ्यात शमीमआपा ब्लाऊज शिवतात. चौथ्या अंबाजोगाईच्या सुनंदाताई. नर्सच्या नोकरीतून रिटायर झालेल्या, आमच्यात सगळ्यात मोठ्या. मीराच्या बाळंतपणात त्यांची ओळख झाली ती कायमचीच. दिवाळीच्या सुट्टीत नवरे-पोरं घरी ठेवून आम्ही फिरायला जातो. त्या फिरण्यात पैसे कुणी द्यायचे आणि कसे, यातूनच हे सगळं झालं.

*

ॲप कोणतं घ्यायचं यावर पार्लरमध्ये मीटिंग बसली. मीरा म्हणाली, गिऱ्हाईकं वापरतात तेच घेऊ. शमीमआपांच्या मुलानं त्यांच्या फोनवर दुसरंच टाकून दिलेलं. त्यावर कधीमधी कॅशबॅक येतो म्हणून त्यांना ते सोडवेना. मी तिसरंच सुचवलं. त्यात खर्च टाकला की आपोआप चार वाटे पडतात आणि कुणाकडे कुणाचं किती राहिलं ते दिसतं.

सुनंदाताई डोक्याला मेंदी लावून खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, यातलं कोणतं भांडण लावत न्हाई?

शेवटी ठरलं की पैसे जिनं तिनं आपल्या ॲपवरून द्यायचे, वाटे माझ्या ॲपात टाकायचे.

"मंग भांडायचं झालं तर या मॅडमशी भांडू," ताई डोळे न उघडता म्हणाल्या, "बाकीच्यांशी तरी दोस्ती ऱ्हाईल."

*

पैठणला साड्या बघायला गेलो होतो. ताईंना एक मोरपंखी साडी आवडली. पैसे द्यायला त्यांनी फोन काढला आणि फोननं पिन मागितला. मीरा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होती. ताईंनी तिथूनच आवाज दिला, मीरा, माझा पिन काय गं? मीरानंही तिथूनच सगळे आकडे खणखणीत सांगितले. दुकानात पंधरा-वीस बाया होत्या.

दुकानदार भला माणूस. तो ताईंना हळूच म्हणाला, "मावशी, पिन असा कुणाला सांगू नये."

"मी कुठं सांगितला?" ताई म्हणाल्या. "मी तर इचारला."

*

शमीमआपांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कोकणातल्या सहलीत. चपला हातात घेऊन त्या पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. आम्ही भेळ खाल्ली, शहाळी प्यायलो, वाळूत बसलो. त्या हलल्या नाहीत. मी जवळ गेले तेव्हा डोळे भरलेले. टँकर यायच्या आधी घागरींची रांग लावण्यात त्यांचे कितीतरी उन्हाळे गेलेले.

"एवढं पाणी," त्या म्हणाल्या, "आन् रांगेत एक घागर न्हाई."

संध्याकाळी मी दिवसाचा खर्च ॲपात टाकत होते. त्या शेजारी येऊन बसल्या आणि विचारलं, दर्याचं लिहिलं का? मी म्हटलं, त्याचे कुठं पैसे पडले? त्यांना पटेना. भेळ लिहिता, रिक्षा लिहिता, आणि ज्याच्यासाठी आलो तेच लिहायचं न्हाई का, असं त्यांचं म्हणणं. मी 'दर्या' लिहून पुढे शून्य टाकलं. ॲप शून्य घेईना. मग एक रुपया टाकला, तेव्हा घेतलं.

प्रत्येकीच्या वाट्याला चार-चार आण्यांचा दर्या आला.

*

मीराचं बँकेतलं खातं नवऱ्यासोबत जॉइंट होतं, मेसेज त्याच्या मोबाइल नंबरावर यायचे. नवऱ्याचं खता-बियाण्यांचं दुकान, माणूस बोलायला अगदी कमी. मीरानं कुठं पैसे दिले की मेसेज त्याला जायचा आणि थोड्या वेळात त्याचा फोन यायचा. वडापाव खाल्ला काय? एवढ्या उन्हात? आम्ही हसायचो, मीरा वैतागायची. शेवटी तिनं पार्लरच्या कमाईचं स्वतःचं खातं काढलं, स्वतःच्या नंबरावर.

त्यानंतरच्या सहलीत दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन मला आला. आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, ती जेवली का? आता मला काईच कळत न्हाई."

मी फोन मीराकडे दिला. ती लांब जाऊन बोलली.

तेव्हापासून पैसे दिले की ती स्वतःच त्याला मेसेज टाकते. एकदा माझी नजर पडली. लिहिलं होतं, 'मिसळ. लई तिखट होती.'

*

मागच्या वर्षी सहल निघाली नाही. सुनंदाताईंच्या पोटात गाठ निघाली आणि अंबाजोगाईलाच ऑपरेशन ठरलं. असे कितीतरी पेशंट त्यांनी स्वतः आत नेलेले, त्यामुळे त्यांना खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. पुण्याहून आलेला मुलगा कागदांवर सह्या करत फिरत होता. कॉटपाशी आम्ही तिघी.

ताईंनी बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. मीराकडून वेणी घालून घेतली. मग चष्मा आणि फोन मागितला, बराच वेळ फोनमध्ये काहीतरी केलं आणि तो उशीखाली ठेवून दिला. थोड्या वेळानं त्यांना आत नेलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी माझा फोन पाहिला. आधीच्या सहलीचं जे काही राहिलं होतं, ते ताईंनी सगळं चुकतं केलं होतं. त्यांच्या नावापुढे ॲपनं हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हिशेब पूर्ण'.

मीरानं ते वाचलं आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली. शमीमआपांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि खर्च कसा टाकायचा ते विचारलं. मी दाखवलं. त्यांनी एका बोटानं सावकाश लिहिलं, 'चहा'. रक्कम दहा रुपये. पैसे दिले शमीमनं, वाटा एकट्या सुनंदाताईंचा. फोन मला परत दिला आणि डोक्यावर पदर घेऊन त्या ओठातल्या ओठात काही म्हणत बसल्या.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी ताई उशीला टेकून बसल्या, चष्मा लावला आणि फोन बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"शमीम, हा चहा मी कवा पेले गं?"

शमीमआपा मोसंबी सोलत होत्या.

"प्यायचा हाय अजून," त्या म्हणाल्या.